आतड्याच्या कॅन्सरमध्ये कुठलं प्रथिन खरंच काही सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५४ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती, ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये टी३ एन०, म्हणजे दुसरी स्टेज. १८ लिम्फ नोड तपासले, एकातही कॅन्सर नाही. आयएचसीच्या (स्लाइडवर प्रथिनं रंगवून बघायच्या चाचणीच्या) रिपोर्टवर 'एमएलएच१ आणि पीएमएस२ : लॉस, एमएसएच२ आणि एमएसएच६ : रिटेन्ड' असं लिहिलंय. रक्तातला सीईए (आतड्याच्या पुष्कळ गाठी बनवतात ते एक प्रथिन) ऑपरेशनआधी ७.२ होता, सहा आठवड्यांनी २.१ आला. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात केमो नको. एका लॅबने मात्र पी५३, केआय-६७, व्हीईजीएफ, ईजीएफआर असं 'प्रोग्नॉस्टिक पॅनेल' सुचवलंय. 'लॉस' म्हणजे वाईट का? केमो का नाही? पॅनेल करून घ्यावं का? आजार परत येईल का, हे या प्रथिनांवरून कळतं का? आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, आत्या ४७व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेल्याचा उल्लेख आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आतड्याचे नमुने कापणं, स्लाइड बघणं आणि रिपोर्टवर सही करणं हे माझं रोजचं काम. त्या बाजूने उत्तर देते. उपचाराचा शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच.

आधी थेट उत्तर : पॅनेल करू नका. तुमच्या हातात ज्या दोन गोष्टी आधीच आहेत, एमएमआर (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी, तुमच्या आयएचसीतली चार प्रथिनं) आणि सीईए, त्याच या आजारात खऱ्या उपयोगाच्या आहेत. पॅनेलचे पैसे आत्याच्या त्या ओळीवर खर्च करा. का, ते सांगते.

'लॉस' या शब्दाने घरोघरी घबराट होते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो बराचसा चांगल्या बाजूचा शब्द आहे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. त्या पकडून दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिनं म्हणजे एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. ही जोडीने काम करतात : एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, तेही जातं. म्हणून तुमच्या रिपोर्टवर दोन्ही एकदम गेलेली दिसतात. बिघाड दोन नाहीत, एकच आहे, आणि तो एमएलएच१ मध्ये आहे.

स्लाइडवर हे कसं दिसतं तेही सांगते, म्हणजे रिपोर्ट वाचताना डोळ्यांसमोर काही येईल. प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथे निळं राहतं. तुमच्या वडिलांच्या स्लाइडवर कॅन्सरच्या ग्रंथींची केंद्रकं निळीच्या निळी असणार, आणि त्यांच्या अंगाला लागून बसलेल्या लिम्फोसाइटची (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची) आणि आधार-ऊतीतल्या पेशींची केंद्रकं ठसठशीत तपकिरी. हे शेजारचं तपकिरी दिसल्याशिवाय 'लॉस' लिहायचाच नसतो. शेजारीही निळंच असेल तर प्रथिन गेलेलं नाही, आपलं स्टेनिंग फसलंय. हे होतं, आणि होण्याचं मुख्य कारण फॉर्मॅलिन. ऑपरेशननंतर आतडं उघडून, धुऊन, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवायला हवं. एका ठिकाणाहून माझ्याकडे वर्षानुवर्षं फूटभर आतडं छोट्या बरणीत कोंबून, वर चमचाभर फॉर्मॅलिन ओतून यायचं. बाहेरचा थर पक्का आणि मधली गाठ कुजलेली. अशा गाठीवर कुठल्याही प्रथिनाची चाचणी करा, उत्तर येतं आणि ते खोटं असतं. म्हणूनच एमएमआरसाठी पुष्कळदा कोलोनोस्कोपीचा बायोप्सीचा तुकडा मोठ्या नमुन्यापेक्षा बरा. लहान असतो, फॉर्मॅलिन लगेच आत शिरतं. रिपोर्टवर 'इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह' किंवा तशा अर्थाचं काही लिहिलंय का, ते एकदा पाहून घ्या.

आता हे चांगलं कसं? दुरुस्ती बंद पडल्यामुळे या गाठीत हजारो चुका साठतात. त्यातून विचित्र प्रथिनं बनतात, ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटतात आणि गाठीत लिम्फोसाइटची झुंबड उडते. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये असे साधारण १५ टक्के. दुसऱ्या स्टेजमध्ये त्यांचं प्रमाण जास्त आणि चौथ्या स्टेजमध्ये जेमतेम ४-५ टक्के. या आकड्यांतच गोष्ट आली : या गाठी पसरायला तुलनेने नाखूश असतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या स्टेजमध्ये यांचा निकाल बाकीच्यांपेक्षा चांगला लागतो.

केमो न देण्याचं कारण याच प्रथिनांत आहे. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आणि पुढे २०१० मध्ये आणखी मोठ्या एकत्रित आकडेवारीत दिसलं की एमएमआर गमावलेल्या गाठींना नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही. उलट दुसऱ्या स्टेजमध्ये तोटा होत असावा अशी शंका येण्याजोगे आकडे होते. म्हणजे ज्याला मुळात धोका कमी, त्याला निरुपयोगी औषध कशाला? तुमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतलेला नाही, नेमका निर्णय घेतलाय. गाठ टी४ असती, म्हणजे आतड्याच्या बाहेरच्या थरापलीकडे गेली असती, किंवा आतडं फुटलं असतं तर चर्चा वेगळी झाली असती.

इथे एक फरक मनात पक्का करा, कारण पॅनेलवाल्यांची सगळी गफलत इथेच आहे. 'आजार कसा वागेल' आणि 'हे औषध चालेल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एमएमआर दोन्हींची उत्तरं देतं, म्हणून ते सोन्यासारखं. आजार पसरलेल्या रुग्णांत याच 'लॉस'मुळे इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या औषधांचा, दरवाजा उघडतो. कीनोट-१७७ या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब हे असं औषध दिलेल्यांचा आजार मध्यक (निम्म्या रुग्णांत त्याहून जास्त) १६.५ महिने आटोक्यात राहिला, केमो दिलेल्यांचा ८.२ महिने. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या अशाच गाठींवर डोस्टार्लिमॅब दिलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली, ना ऑपरेशन ना रेडिएशन. तिसऱ्या स्टेजमध्ये केमोबरोबर अटेझोलिझुमॅब दिल्यावर तीन वर्षं आजाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण ७६.६ वरून ८६.४ टक्क्यांवर गेल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. तुमच्या वडिलांना यातलं काहीच लागू नये अशीच अपेक्षा आहे. पण उद्या गरज पडलीच तर हा कागद हाताशी हवा, म्हणून तो जपून ठेवा.

आता आत्या.

एमएलएच१ दोन वाटांनी जातं. एक, वयाबरोबर गाठीतच जनुकाचा स्विच बंद होतो. हे जास्त करून उतारवयात आणि उजव्या बाजूच्या गाठींत, आणि ते मुलाबाळांत जात नाही. दोन, जन्मतःच जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. याला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि तो प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता निम्मी. लिंच असलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आतड्याच्या कॅन्सरइतकाच महत्त्वाचा. ५४ वर्षांचे वडील आणि ४७व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेलेली त्यांची बहीण हे एकत्र वाचल्यावर मी तरी पुढचा रिपोर्ट बाजूला ठेवला असता.

हा आजार पहिल्यांदा लक्षात आला तोसुद्धा घरातल्या अशाच बोलण्यातून. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे कपडे शिवणाऱ्या बाईने सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकी अवयवांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे अजून 'तिला पोटाचं काहीतरी झालं होतं' यापलीकडे घरात कुणी बोलत नाही, आणि बायकांचे कॅन्सर तर आणखीच झाकून ठेवतात. तुम्ही ती ओळ लिहिलीत हे फार बरं केलंत.

पुढची पायरी अशी. गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) बीआरएएफ व्ही६००ई ही चाचणी होते, म्हणजे बीआरएएफ जनुकात तो ठरावीक बदल आहे का ते बघतात. ती पॉझिटिव्ह आली तर पहिली वाट, लिंच जवळपास बाजूला पडतो. निगेटिव्ह आली तर लिंच सिद्ध होत नाही. मग एमएलएच१ प्रमोटर मेथिलेशन, म्हणजे जनुकाचा तो स्विच बंद झालाय का, ते बघतात, आणि तेही नसेल तर रक्तातली जनुकीय चाचणी. तुमच्या घरचा इतिहास बघता काही तज्ज्ञ सरळ रक्ताच्या चाचणीवर जातील, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. चाचणी आधी वडिलांची, नंतर तुमची. त्यांच्यात बिघाड सापडला तर तोच एक तुमच्यात आणि भावंडांत शोधायचा. सापडला नाही तर तुमची चाचणी करून नुसता गोंधळ होतो. बिघाड असलेल्यांची कोलोनोस्कोपी साधारण २५व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करतात, आणि बायकांच्या बाबतीत गर्भाशयाचाही विचार वेळेवर करावा लागतो. चाचणीआधी जेनेटिक कौन्सेलरशी बोला. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत ही सोय आहे, मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही.

सीईएकडे वळते. १९६५ मध्ये कॅनडात माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी हे प्रथिन शोधलं. गर्भाच्या आतड्यात आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडलं म्हणून सगळ्यांना वाटलं, झालं, कॅन्सरची रक्तचाचणी मिळाली. तसं झालं नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, लिव्हरच्या आजारात, काविळीत, स्वादुपिंडाच्या सुजेत ते वाढतं, आणि काही गाठी तर सीईए बनवतच नाहीत. म्हणून निरोगी माणसाने 'बॉडी चेकअप'मध्ये सीईए करणं म्हणजे विकतचं दुखणं. पण ज्याची गाठ ते बनवत होती हे ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत ते कामाचं. तुमच्या वडिलांचा ७.२ वरून २.१ वर उतरला. चार ते सहा आठवड्यांत असा उतरायलाच हवा. उतरला नसता तर कुठेतरी काही शिल्लक आहे का, हे शोधावं लागलं असतं.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी हे साधारण वेळापत्रक. लॅब तीच ठेवा, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो आणि २.१ चा ३.४ होतो. मग रात्रीची झोप जाते. एकट्या आकड्याला अर्थ कमी, चढणीला जास्त. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या) ५ ही सीमा धरल्यावर परत आलेल्या आजारांपैकी ७१ टक्के पकडले गेले, आणि आजार नसलेल्यांपैकी १२ टक्क्यांना उगाच धोक्याची घंटा वाजली. सीमा १० केली की पकड ६८ टक्के, पण खोटी घंटा फक्त ३ टक्के. म्हणून ५.८ आला की लगेच पेट स्कॅनला पळायचं नाही. महिन्याभराने परत करायचा. वाढला तर सीटी. वडील सिगारेट ओढत असतील तर तेही डॉक्टरांना खरं सांगा.

एवढं करून फायदा होतो का? ब्रिटनमधल्या १२०२ रुग्णांच्या फॅक्स चाचणीत, नियमित सीईए करणाऱ्यांपैकी ६.७ टक्के लोकांत परतलेला आजार बरा करण्याच्या उद्देशाने ऑपरेशन करता आलं, किमान तपासणी ठेवलेल्यांत २.३ टक्के. एकूण मृत्यूंमध्ये मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. मी हे लपवत नाही. तरी लिव्हरवर एकच डाग असताना तो कळणं आणि सात असताना कळणं यातला फरक मी नमुन्यांत बघते, त्यामुळे माझं मत सीईए करण्याच्या बाजूने आहे.

आता ते पॅनेल. पी५३ वर आतड्याच्या कॅन्सरमध्ये किती निबंध झाले याची गणती नाही, आणि निष्कर्ष परस्परविरोधी. कारण बघायला सूक्ष्मदर्शकाशी बसावं लागतं. कुणी एक अँटिबॉडी वापरली, कुणी दुसरी. कुणी १० टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह म्हटलं, कुणी ५० टक्के. मुख्य म्हणजे जनुक पुरतं उडालं की स्लाइडवर काहीच रंगत नाही, आणि पुष्कळ जुन्या अभ्यासांनी त्या गाठी 'निगेटिव्ह' म्हणून चांगल्यांच्या रांगेत बसवल्या. अर्ध्याहून जास्त आतड्याच्या कॅन्सरमध्ये पी५३ बिघडलेलं असतंच. ते कळून तुमचा उपचार एका गोळीनेही बदलत नाही. २००६ मध्येच अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने पी५३ ची शिफारस नाकारली होती. केआय-६७ (किती पेशी विभागतायत ते दाखवणारं प्रथिन) ब्रेस्टच्या रिपोर्टवरून सवयीने इकडे आलंय. आतड्यात ते जास्त म्हणजे वाईट, असं सरळ नाही. अपवाद एकच : गाठ न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) असेल तर ग्रेडच केआय-६७ वर ठरते, तिथे ते हवंच. व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) गाठीत किती आहे यावरून ते अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध कुणाला लागू पडेल हे सांगता आलेलं नाही.

ईजीएफआरची गोष्ट तर शिकवण्यासारखी. २००४ मध्ये सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरला अडवणारं औषध आलं तेव्हा ईजीएफआर पॉझिटिव्ह असलेल्यांनाच ते द्यायचं असं ठरलं. दिसायला अगदी तर्कशुद्ध : औषध ज्या प्रथिनाला धरतं ते प्रथिन हवं. पुढच्याच वर्षी १६ ईजीएफआर निगेटिव्ह रुग्णांना ते दिलं, तर चौघांची गाठ आकसली. मग २००८ पर्यंत स्पष्ट झालं की खरा निर्णय केआरएएस जनुकाचा. ते बिघडलेलं असेल तर औषध चालत नाही, ईजीएफआर कितीही तपकिरी दिसो. आज चौथ्या स्टेजला आम्ही आरएएस (केआरएएस ज्या गटातलं आहे ती जनुकं) आणि बीआरएएफ बघतो. ईजीएफआरचं आयएचसी अजून पॅनेलवर का आहे, ते पॅनेल विकणाऱ्याला विचारा.

एचईआर२ हे मात्र पॅनेलमध्ये नसलेलं पण कामाचं प्रथिन, तेही आजार पसरलेल्यांसाठीच. दोन-तीन टक्के गाठींत सापडतं, आणि त्यावर औषधं आहेत. तुम्हाला आज गरज नाही.

ज्याच्याबद्दल मला खरोखर कुतूहल आहे ते सीडीएक्स२. पेशीला 'तू आतड्याची आहेस' हे सांगणारं प्रथिन, निरोगी आतड्यात केंद्रकं गच्च रंगतात. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ४ टक्के गाठींत ते गेलेलं होतं आणि त्या रुग्णांचा निकाल बराच वाईट होता. दुसऱ्या स्टेजमध्ये सीडीएक्स२ गेलेल्यांपैकी केमो घेतलेले ९१ टक्के पाच वर्षांनी आजाराविना होते, न घेतलेले ५६ टक्के. आकडे भुरळ घालणारे आहेत. पण ते जुन्या नोंदी मागे वळून पाहून काढलेले, आणि दोन्ही गट मिळून पन्नासही रुग्ण नव्हते. शिवाय एमएमआर गमावलेल्या गाठींतच सीडीएक्स२ पुष्कळदा कमी होतं, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते वाचायचं कसं हाच प्रश्न. समजा एमएमआर शाबूत असलेली, काठावरची दुसरी स्टेज असती, तर मी ते केलं असतं आणि ट्यूमर बोर्डासमोर (सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीसमोर) एक मुद्दा म्हणून ठेवलं असतं, निर्णय म्हणून नाही.

गाठीतल्या सीडी३ आणि सीडी८ लिम्फोसाइट मोजून काढलेला इम्युनोस्कोअर २६८१ रुग्णांत तपासला गेलाय आणि तो चांगला आहे, पण आपल्याकडे रोजच्या वापरात नाही. रक्तातला गाठीचा डीएनए हे प्रथिन नव्हे, तरी पुढची वाट बहुधा तिकडेच जाते. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत त्याच्या आधाराने केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आलं आणि आजार परतण्यात फरक पडला नाही.

पॅनेलपेक्षा तुमच्याकडच्या साध्या रिपोर्टच्या ओळी परत वाचा. १२ पेक्षा जास्त लिम्फ नोड तपासलेत, उत्तम. रक्तवाहिन्यांत किंवा नसांभोवती कॅन्सर शिरलाय का, कडा मोकळ्या आहेत का आणि ट्यूमर बडिंग किती, हे बघा. बडिंग म्हणजे गाठीच्या पुढच्या टोकाशी एकेकट्या किंवा चार पेशींपर्यंतच्या पुंजक्यांनी सुटलेल्या पेशी. ठरलेल्या क्षेत्रात ५ पेक्षा कमी असतील तर कमी, १० किंवा जास्त असतील तर जास्त. रिपोर्टवर ते नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा. स्लाइड तयारच असते, नव्या चाचणीचा खर्च नाही, आम्ही बघून सांगतो.

बीआरएएफसाठी गाठीचा पॅराफिन ब्लॉक लागेल. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन तो मिळतो. 'गाठ असलेला आणि शेजारचं निरोगी आतडं असलेला' असे दोन ब्लॉक मागा, नंबर रिपोर्टशी ताडून घ्या आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या आणि जिथे जपून राहील तिथे ठेवा. आत्यांच्या ऑपरेशनचा कागद कुणाकडे असेल, निदान गर्भाशयाच्या अस्तराचा की मुखाचा एवढं जरी त्यावर लिहिलेलं असेल, तर कौन्सेलरकडे जाताना तोही न्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लिंचमध्ये मोडत नाही, आणि सगळं गणित तिथे बदलतं.